दार वाजले, पुढे काय?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन तरुण शिरले. अंगात चारचौघांसारखे कपडे, पाठीला पिशव्या आणि हातात एके-४७ रायफली. बाहेरगावच्या गाड्यांची वाट पाहत सामानाला टेकून बसलेल्या माणसांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्या एका स्थानकावर पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. शहरभर चाललेल्या हल्ल्यात एकूण १६६ जणांचा बळी गेला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण त्या रात्रीनंतर जागोजागी दिसू लागलेली एक वस्तू तुमच्या चांगल्या परिचयाची आहे. ती म्हणजे धातुशोधक दार. स्थानक, मॉल, चित्रपटगृह, मोठे देऊळ, कुठेही जा, ते उभे असते. आपण आत शिरतो, ते वाजते, आणि आपण पुढे चालू लागतो. कोणी थांबवत नाही. या न थांबवण्याविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

हल्ल्यानंतर लोक संतापले होते आणि ते साहजिकच होते. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन जमली. मंत्र्यांना पदे सोडावी लागली. त्या संतापात दोन मागण्या वारंवार ऐकू येत. पहिली, 'प्रत्येक दारावर यंत्र बसवा.' दुसरी बहुधा हलक्या आवाजात बोलली जाई, 'अमक्यातमक्या लोकांवर नजर ठेवा.' दोन्ही मागण्या शोध घेण्याच्या आहेत. म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्या तपासून पाहायला हरकत नाही.

आधी यंत्र पाहू. दाराच्या चौकटीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून दर सेकंदाला शेकडो वेळा विजेचे क्षणिक झटके सोडतात. त्यामुळे चौकटीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार त्या वस्तूत पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. मूळ झटका थांबला तरी हे भोवरे विरायला किंचित वेळ लागतो. तो वेळ यंत्र टिपते आणि घंटी वाजवते.

म्हणजे यंत्राला 'बंदूक' हा शब्द ठाऊक नाही. त्याला फक्त वीज वाहून नेणारा धातू कळतो. सुमारे चार किलो वजनाची रायफल त्याला कळेल, तशीच किल्ल्यांचा जुडगा, जेवणाचा डबा आणि मोबाइलही कळेल. धातू नसलेली स्फोटके मात्र त्याला मुळीच कळणार नाहीत. संवेदनक्षमता कमी केली, तर डबे वाजणार नाहीत, पण छोटे पिस्तूलही सुटेल. वाढवली, तर पिस्तूल सापडेल, पण प्रत्येक प्रवासी वाजेल. हा तोटा कारागिराच्या चुकीमुळे होत नाही. तो शोधयंत्राच्या स्वभावातच आहे.

आता थोडे गणित करू. समजा, एका स्थानकात दिवसाला १० लाख माणसे येतात आणि त्यांत १० जणांकडे लपवलेले शस्त्र आहे. समजा, आपले यंत्र फारच उत्तम आहे. १०० शस्त्रधाऱ्यांपैकी ९९ जणांना ते पकडते आणि १०० निरपराध माणसांपैकी फक्त एकावर चुकीने वाजते. तर दिवसभरात खऱ्या घंटा सुमारे १० आणि खोट्या सुमारे १०,०००. घंटी वाजली, तर समोरचा माणूस शस्त्रधारी असण्याची शक्यता हजारात एक! '९९ टक्के अचूक' या शब्दांनी आपण किती फसतो पाहा. जी गोष्ट मुळातच विरळ असते, ती शोधताना बहुतेक घंटा खोट्याच निघतात.

तरीही प्रत्येक घंटेमागे एक मिनिट तपासणी करायची ठरवली, तर १०,००० मिनिटे म्हणजे सुमारे १६७ तास लागतील. आठ तासांच्या पाळीप्रमाणे २१ माणसे पुरतील. हे जमण्यासारखे आहे. पण खिशातल्या वस्तू बाहेर न काढता माणसे आत सोडली आणि दर दोघांत एकावर दार वाजू लागले, तर? पाच लाख मिनिटे, म्हणजे हजाराहून अधिक तपासनीस! एवढी माणसे कोणी नेमत नाही. मग दाराशी एकच शिपाई बसतो, दिवसभर घंटा ऐकतो, आणि त्याचे कान आपोआप बंद होतात. दोष त्याच्या आळसाकडे जात नाही, आपल्या गणिताकडे जातो. विमानतळावर तेच दार उपयोगी पडते, कारण तिथे खिसे रिकामे करून घेतात, सामान क्ष-किरणांखालून जाते आणि घंटी वाजली की माणूस खरोखर थांबवला जातो. लोकल पकडायला धावणाऱ्या गर्दीला तसे रांगेत उभे केले, तर रांगच मोठी गर्दी होऊन बसते. २०१६ च्या मार्च महिन्यात ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले, ते सुरक्षा-तपासणीच्या अलीकडे, प्रवाशांच्या गर्दीतच.

आता दुसरी मागणी. 'नजर ठेवा' म्हणणारा माणूसही एक शोधयंत्रच सुचवत असतो. फक्त त्याचे यंत्र तारेच्या वेटोळ्यांऐवजी नाव, दाढी, पोशाख आणि भाषा यांवर वाजते. वरचेच गणित याला लावून पाहा. शस्त्रधारी मूठभर आणि तसा चेहरा, तसे नाव असणारी निरपराध माणसे कोट्यवधी. यात खोट्या घंटा किती वाजतील? शिवाय ही घंटी मिनिटभराच्या तपासणीने मिटत नाही. कोणाला भाड्याने घर नाकारले जाते, कोणा मुलाशेजारी वर्गात कोणी बसत नाही. आणि त्या रात्री आलेले दोघे तर गर्दीत सहज मिसळून जावेत असेच दिसत होते.

याबाबत एक जुनी हकिगत बोलकी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत-प्रवर्तनावर चालणारे यंत्र आणले. आजच्या धातुशोधकाचा तो पूर्वज. पण गोळी उजव्या बाजूला आहे असे डॉक्टरांनी आधीच ठरवले होते आणि तिथेच शोध घेऊ दिला. गोळी होती डावीकडे. कुठे शोधायचे हे मनाने आधीच ठरवले, की उत्तम यंत्रही लुळे पडते. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले.

मग यंत्रे काढून टाकावीत का? नाही. माझे म्हणणे एवढेच, की घंटी म्हणजे उत्तर नव्हे, तो प्रश्न आहे. उत्तर द्यायला माणूस, वेळ आणि साधन हवे. त्या रात्री टर्मिनसवरच्या पोलिसांपैकी काहींच्या हातात लाठ्या होत्या, काहींच्या हातात जुन्या .३०३ रायफली. दार तेव्हा वाजले असते, तरी पुढे काय झाले असते?

उलट ज्याचे नाव कोणी सुरक्षा-साधनांच्या यादीत घेत नाही, अशा एका साध्या साधनाने त्या रात्री पुष्कळ जीव वाचवले. मध्य रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून ध्वनिवर्धकावर प्रवाशांना सांगत राहिले, की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांनी धोका पाहिला, त्याचा अर्थ लावला आणि लगेच कृती केली. तिकडे गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराची रायफल हातांनी धरून ठेवली आणि स्वतःचे प्राण देऊन त्याला जिवंत पकडून दिले.

शिक्षकांना एक विनंती. वरचे गणित फळ्यावर मांडा आणि आकडे बदलून मुलांना करायला सांगा. दहाऐवजी एकच शस्त्रधारी धरा, अचूकता ९५ टक्के धरा आणि काय होते ते पाहू द्या. मुलांनो, पुढच्या वेळी दार वाजले आणि तुम्हाला कोणी थांबवले, तर कुरकुर न करता खिसा रिकामा करून दाखवा. आणि कोणीच थांबवले नाही, तर या दारामागे तपासणीला माणूस का नाही, असे स्थानक-प्रमुखांना पत्र लिहून नम्रपणे विचारा.