विश्लेषण : विज्ञान लेखकांच्या वार्षिक सभेशी आपला काय संबंध?

वार्षिक सभा म्हटले की मागील सभेचे इतिवृत्त, ताळेबंद, ‘मंजूर, मंजूर’चा गजर आणि शेवटी चहा. अमेरिकेतील विज्ञान लेखकांच्या संघटनेचीही अशी सभा दरवर्षी होते. मात्र २०१८ मध्ये या संघटनेत एका प्रश्नावरून सभासदांमध्ये मतभेद झाले. संघटनेचे पदाधिकारी कोण होऊ शकतात, हा तो प्रश्न. मोबाइलवर आरोग्याच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

संघटना कोणती?

‘नॅशनल असोसिएशन ऑफ सायन्स रायटर्स’ची स्थापना १९३४ मध्ये विज्ञान वार्तांकन करणाऱ्या डझनभर पत्रकारांनी केली. १९५५ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली. आता तिचे दोन हजारांहून अधिक सभासद आहेत. त्यात वृत्तपत्रांतील पत्रकार आहेत, मुक्त लेखक आहेत आणि विद्यापीठे वा संशोधन संस्थांसाठी प्रसिद्धिपत्रके लिहिणारे जनसंपर्क अधिकारीही आहेत. वार्षिक परिषदेसाठी सगळे जमतात, तेव्हाच सभासदांची सभा होते.

वाद कशावरून?

पदाधिकाऱ्याचे बहुतांश विज्ञानलेखन पत्रकारितेचेच असावे, पदावर असताना त्याने कोणत्याही संस्थेसाठी प्रसिद्धिपत्रक लिहू नये, अशी अट तेव्हा संघटनेच्या घटनेत होती. ती बदलावी, असा प्रस्ताव पुढे आला. वर्गणी सारखीच, मताचा अधिकारही सारखाच, मग पद का नाही, हा जनसंपर्क अधिकाऱ्यांचा सवाल. शिवाय नोकऱ्या कमी झाल्याने अनेक जण पोटासाठी दोन्ही कामे करतात. उलट बाजूचे म्हणणे असे, की सरकार किंवा एखादी संस्था माहिती दडवत असेल, तर तिला जाब विचारणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष अशाच एखाद्या संस्थेचा पगारदार कसा चालेल?

प्रसिद्धिपत्रकाला एवढे महत्त्व का?

बातमी अनेकदा तिथेच घडते. ब्रिटनमधील २० आघाडीच्या विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी तपासली. हा अभ्यास २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष माणसांना वाढवून लागू करण्याचा प्रकार ३६ टक्के पत्रकांत आढळला. पत्रकातच अतिशयोक्ती असेल, तर ८६ टक्के बातम्यांतही ती उतरली होती. पत्रक संयत असेल, तेव्हा हे प्रमाण १० टक्के होते. हा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अतिशयोक्तीमुळे बातमीला अधिक प्रसिद्धी मिळाल्याचा ठोस पुरावा त्यात आढळला नाही.

मग दोष कोणाचा?

दोन्ही बाजूंचा. पत्रक फुगवणाऱ्याचा आणि ते न तपासता छापणाऱ्याचाही. म्हणूनच जनसंपर्क अधिकाऱ्यांना दुय्यम मानण्याचे कारण नाही. अचूक पत्रक लिहिणारा अधिकारी वाचकाचे भलेच करतो. पण दोघांची बांधिलकी वेगळी आहे. एकाची संस्थेशी, दुसऱ्याची वाचकाशी. ही रेघ पुसली जाऊ नये. संघटनेत दोघांनाही मान हवा. मात्र तिच्या वतीने बोलणाऱ्याला कोणत्याही संस्थेला प्रश्न विचारताना स्वतःच्या नोकरीची काळजी वाटता कामा नये.

वाचकाने काय करावे?

‘नव्या संशोधनाचा दावा’ असा मथळा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तर पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? किती जणांवर? आणि त्या संशोधनाशी संबंध नसलेल्या एखाद्या तज्ज्ञाचे मत बातमीत आहे का? ते नसेल, तर बातमीच्या वेषात प्रसिद्धिपत्रकच हाती आले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आजीची गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन केलेला बरा.