पानाआडचा चतुरिंद्रिय

रत्नागिरीकडील जुन्या घरांत पडवीच्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीत मातीचे लहानसे घरटे आढळते. ते कुंभारीण माशीचे. ती कोठून तरी हिरवी अळी उचलून आणते, घरट्यात ठेवते आणि घरट्याचे तोंड मातीने लिंपून टाकते. काही दिवसांनी ते लिंपण फोडून बाहेर येते ती अळी नव्हे, दुसरी कुंभारीण. माशीच्या गुणगुणण्याचा ध्यास घेऊन अळीच माशी झाली, असे पूर्वजांनी मानले आणि 'भृंगकीटन्याय' या नावाने तो दृष्टान्त अध्यात्मात रूढ झाला. ध्यानाचे सामर्थ्य सांगण्यास तो सुंदर आहे. निरीक्षण मात्र अपुरे होते. अळी माशी होत नाही. कुंभारीण त्या घरट्यात आपले अंडे ठेवते, आणि डंखाने निश्चल केलेली अळी हे अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाचे अन्न असते.

असाच संभ्रम झाडाच्या पानावरही होतो. चातुर्मासात कोकणातील भातखाचरे हिरवीगार असतात, परसातील हळदीची पाने हातभर वाढलेली असतात. भाताच्या पातीची कड दुमडून तिच्या आडोशाला एक फिकट हिरवी अळी राहते. पुढे तिचे तपकिरी रंगाचे, लहान व चपळ फुलपाखरू होते. त्याचे शास्त्रीय नाव बोर्बो सिन्नारा. फुलपाखरांचे अभ्यासक अशा अळ्या पानांसह आणून डबीत ठेवतात आणि फुलपाखराची वाट पाहतात. पण कधी कधी अळी मलूल होते, तिच्या देहातून इवल्या अळ्या बाहेर पडतात, रेशमाचे कोष विणतात आणि त्या कोषांतून फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात.

भातावरील याच अळीच्या देहातून निघालेली एक माशी विज्ञानाला सर्वस्वी नवी ठरली. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या आजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील डॉ. अंकिता गुप्ता आणि त्यांचे दोन सहलेखक यांनी 2013 मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. अळी ज्या फुलपाखराची, त्याच्या नावावरून माशीचे नाव डोलिकोजेनिडिया सिन्नारी असे ठेवण्यात आले. दक्षिण भारतीय द्वीपकल्पातील ही जात. भाताचे शेत माणूस हजारो वर्षे कसत आला. तरी त्या पातीआडच्या एका जीवाला नाव मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

नाव उशिरा मिळण्याचे एक कारण तिच्या देहाच्या आकारात आहे. या उपकुळातील बहुतेक माश्या दोन ते तीन मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे तिळाच्या दाण्याएवढ्या असतात. उघड्या डोळ्यांना दिसतो तो काळसर ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो ठिपका एक रेखीव देह होतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना अनेक सूक्ष्म भिंगांचे संयुक्त डोळे, आणि माथ्यावर त्रिकोणात मांडलेले तीन साधे डोळे. कपाळापासून निघालेल्या दोन लांब शृंगिका. या उपकुळात प्रत्येक शृंगिकेला नेमकी 18 पेरे असतात. त्याच शृंगिकांनी ती स्पर्श करते आणि गंधही घेते. कुरतडलेल्या पानाचा व अळीच्या विष्ठेचा वास ओळखून ती दुमडलेल्या पातीपर्यंत पोहोचते. स्पर्शन, रसन, घ्राण आणि चक्षू ही चार इंद्रिये असणाऱ्या जीवांत जैन परंपरा भ्रमराची गणना करते. त्याच भ्रमराच्या या दूरच्या नातलगाचे जगणे मुख्यतः घ्राणावर उभे आहे.

वक्षावर पारदर्शक पंखांच्या दोन जोड्या असतात. मागच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते. उडताना ती पुढच्या पंखात अडकते आणि दोन पंख एकासारखे हलतात. गांधीलमाशीची कंबर तर प्रसिद्धच आहे. परंतु ती वक्ष आणि उदर यांच्या मधोमध नसते. उदराचा पहिला खंड वक्षाला कायमचा जोडला गेलेला असतो, आणि कंबर पडते ती त्याच्या पुढच्या सांध्यात. वक्षाला चिकटलेल्या त्या खंडावरील रेषा, खळगे आणि गुळगुळीत भाग यांची मांडणी जातीजातीत निराळी असते. लिपी वाचावी तशी अभ्यासक ती मांडणी वाचतात.

दोन प्रजातींमधील सीमारेषा किती सूक्ष्म असावी? एकेकाळी अशा असंख्य जाती अपँटेलिस या एकाच प्रजातीत घातल्या जात. 1981 मध्ये कॅनडातील कीटकशास्त्रज्ञ डब्ल्यू. आर. एम. मेसन यांनी त्या मोठ्या गठ्ठ्याची फेरमांडणी केली. डोलिकोजेनिडिया वेगळी ओळखण्याची एक महत्त्वाची खूण आहे ती मागच्या पंखाच्या बुडाशी असलेल्या लहानशा पाळीत. पाळीची कड बहिर्गोल किंवा सरळ असून तिच्यावर केसांची झालर अखंड असेल, तर माशी डोलिकोजेनिडिया. कड आत वळलेली किंवा मध्ये केसांवाचून उघडी असेल, तर बहुधा अपँटेलिस. हळदीची पाने गुंडाळून राहणाऱ्या उडास्पेस फोलस या फुलपाखराच्या अळीतून निघालेली अपँटेलिस फोलिया ही माशी त्याच शोधनिबंधात नोंदली आहे. भातावरची एक आणि हळदीवरची दुसरी. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, आणि भेद काही केसांचा.

उदराच्या टोकाशी मादीला एक बारीक नळी असते. अळीच्या कातडीत ती खुपसून मादी आत अंडी सोडते. अंड्यांसोबत विषद्रव्य आणि एका विशिष्ट विषाणूचे कणही आत जातात. त्यामुळे अळीच्या देहाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि अंडी सुरक्षित राहतात. अळी खात राहते, वाढत राहते, आणि तिच्या आत दुसरे जीव वाढत राहतात. साखळी येथेही संपत नाही. भातावरील त्या अळ्यांबरोबर युरिटोमा नावाची आणखी एक माशी मिळाली, जी परजीवी माशीवरच जगते. पूर्ण वाढलेली माशी मात्र फुलांतील मधुरसावर निर्वाह करते आणि माणसाच्या वाटेस जात नाही.

हे वाचून अहिंसेच्या संस्कारात वाढलेले मन थबकेल. निसर्गाची रचना अशी असेल, तर करुणेला जागा कोठे? उत्तर माशीच्या देहात शोधणे व्यर्थ आहे. चतुरिंद्रिय जीव असंज्ञी. त्यास मन नाही, म्हणून हिताहिताचा विवेकही नाही. विवेकाचे ओझे मनुष्यावर आहे. शेतीतील हिंसेला परंपरेने 'उद्योगी' म्हटले आणि जाणूनबुजून केलेल्या 'संकल्पी' हिंसेपासून ती वेगळी केली. पण उद्योगीतही जपून वागण्याची जबाबदारी गृहस्थावरून उतरत नाही. फवारा मारला की पान कुरतडणारी अळी मरते, तिच्यातील माशी मरते आणि फुलावर आलेली मधमाशीही मरते. ज्या जीवांशी शेतकऱ्याचा काही वाद नव्हता, त्यांचीच संख्या त्यात मोठी असते. 'ट्रायकोकार्ड' लावून परजीवी माश्या मुद्दाम सोडाव्यात का, हा प्रश्न अधिक कठीण आहे. त्यात विष नाही, पण संकल्प आहे. यावर श्रावकांत मतभेद होतील आणि व्हावेत. मात्र शेतात आधीपासून असलेल्या माशीला फवाऱ्यापासून वाचवण्यात असा पेच नाही.

खुद्द शास्त्रावरही एक प्रश्न येतोच. नवी जात जाहीर करायची, तर तिचा नमुना संग्रहालयात कायमचा जपावा लागतो; म्हणजे काही जीवांचा अंत होतो. ही किंमत लपवण्यात अर्थ नाही. ती मोजली गेली आहे म्हणूनच त्या वर्णनाचा उपयोग झाला पाहिजे. ज्याला नाव नाही, त्याच्या असण्या-नसण्याची नोंद कोणी ठेवत नाही. खाचर विषाने निर्जीव झाले तरी काय गेले हे कळत नाही.

साधू-साध्वी ईर्यासमिती पाळून चालतात, चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकतात. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाजी वर्ज्य असते, तीही पानाआडच्या त्रसजीवांच्या विचाराने. अहिंसा पाहण्यापासून सुरू होते, आणि नीट पाहिल्यावाचून ती केवळ सदिच्छा राहते. भृंगकीटन्यायातील निरीक्षण जेथे थांबले, तेथून पुढे पाहण्याची सोय आज दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगानेही होते.

या पावसाळ्यात परसातील हळदीचे किंवा खाचरातील भाताचे पान उलटून पाहताना मलूल अळीच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसतील. ती किडीची अंडी समजून अनेकदा नखाने चिरडली जातात. हात क्षणभर आवरावा. त्या कणीत 18 पेरांच्या दोन शृंगिका, झालरीचे पंख आणि चार इंद्रिये घडत असतात. सकाळच्या उन्हात एक गोल झाकण उघडते आणि तिळाएवढा जीव प्रथमच हवा हुंगतो.