टोळ आणि खच्ची नर
सन २०२० च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरली. टोळांचे नर खच्ची करून सोडावे, अशी सूचना आता कित्येक जण करितात. युक्ती खोटी नव्हे. किरणांनी निर्बीज केलेल्या नराशी संग झालेल्या मादीची अंडी फुकट जातात. सन १९५४ मध्ये कुरासाव बेटावर गुरांच्या जखमेत अळ्या पाडणारी माशी याच उपायाने नाहीशी झाली. परंतु तिची मादी बहुधा एकदाच नर घेते. टोळाची मादी अनेकदा घेते. शिवाय खच्ची टोळही रोज स्वतःच्या वजनाइतका पाला खाणारच! त्याने खाल्लेले पीक आणेवारीत कोणत्या रकान्यात लिहावे? थव्याच्या एका चौरस किलोमीटरात चार ते आठ कोटी टोळ असतात. त्यांस पुरून उरतील इतके नर पोसणार कोण? टोळांची पिले वाळवंटातच मारणे, हाच खरा मार्ग.

आमच्या जालना जिल्ह्याचे नित्याचे दुखणे कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे आहे. अमेरिकेत बीटी कपाशीच्या जोडीने निर्बीज पतंग विमानांतून सोडले, आणि सन २०१८ मध्ये ही अळी तेथून हटल्याचे जाहीर झाले. सरकारने हा प्रयोग येथे करून पाहावा, असे आमचे मत आहे. मात्र येथील अळीस बीटी पचू लागले आहे; तेव्हा प्रथम आपण फरदड ठेवणे सोडून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली पाहिजे.