वेगळा आवाज ऐकू येतोय?

पडून खुब्याला मार लागलेली आजी आली, की एक्स-रेचा कागद लिहिण्याआधी मी एक जुनी तपासणी करतो. ओटीपोटाखालच्या हाडावर मधोमध स्टेथोस्कोप ठेवायचा आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवर आळीपाळीने बोटाने ठोकायचे. हाड अखंड असेल त्या बाजूचा आवाज स्पष्ट येतो, मोडले असेल तिकडचा बद्द. मडके वाजवून घेणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तडा गेला की वस्तूचा ताठरपणा कमी होतो आणि तिच्या कंपनांची नैसर्गिक वारंवारता घटते. तड्याच्या कडा एकमेकींवर घासतात, म्हणून नादही लवकर विरतो. तुळईचे, चाकाचे, पुलाचे हेच. पण निदान इतके सोपे नाही. लहान तड्याने वारंवारता जेमतेम बदलते. तेवढा फरक पुलात ऊन-थंडीनेही पडतो. एखाद्या कंपनात तुळई जिथे वाकतच नाही, तिथला तडा त्या कंपनाला कळतही नाही. म्हणून एकदा मोजून भागत नाही. ईसीजी वाचताना आम्ही जुना ईसीजी मागतो, तशी पुलाचीही तो धडधाकट असतानाची नोंद हवी. नुसत्या नजरेने पाहून मारलेल्या ‘सुस्थितीत’ या शेऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

जर्मनीत एशेडे गावाजवळ ३ जून १९९८ रोजी ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी घसरून पुलावर आदळली; १०१ माणसे गेली. गाडीचे नाव होते ‘विल्हेल्म कॉनराड राँटगेन’, म्हणजे एक्स-रे शोधणाऱ्याचेच! तिच्या चाकांवर बैलगाडीसारखी पोलादी धाव होती आणि धावेखाली रबराचा थर. प्रवाशांना थरथर जाणवू नये म्हणूनच ही रचना. तडा सुरू झाला धावेच्या आतल्या बाजूने, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. ते चाक नीट गोलही राहिले नव्हते. त्या बोगीच्या आवाजाच्या तक्रारी गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनी वारंवार नोंदवल्या होत्या. चाक बदलले गेले नाही.

मला तड्यापेक्षा या तक्रारवहीचीच जास्त चिंता वाटते. रुग्ण ‘काहीतरी वेगळे वाटतेय’ म्हणतो तेव्हा आम्ही डॉक्टरही कधी कधी असेच पान उलटतो. आता वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, ‘डॉक्टर, हा पंखा कालपासून वेगळा वाजतोय’, तर आधी पंखा बंद करायला सांगतो, खालची खाट सरकवतो आणि मग अर्ज लिहितो.