सुरू करतानाच शेवट ठरवा

संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांच्या संशोधनाला गेल्या काही वर्षांत मोठा वेग आला आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे ल्युपस, मायोसायटिस आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या १५ रुग्णांना कार-टी पेशींचा उपचार देण्यात आला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी त्यांची सगळी औषधे थांबवता आली. ही बातमी २०२४ मध्ये आली तेव्हा जगभरच्या संधिवाततज्ज्ञांना आनंद झाला. तो सार्थ होता. पण हा उपचार आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णांपर्यंत पोचायला अजून बराच काळ लागेल.

याच काळात आणखी एक संशोधन शांतपणे पुढे सरकले. त्याचे निष्कर्ष तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही आजपासून वापरता येतील. त्यासाठी नवे औषध लागत नाही, महागडी तपासणीही लागत नाही. प्रश्न साधा होता: स्टेरॉईड किती कमी दिले तरी भागते आणि ते किती लवकर थांबवता येते? आमच्या मते जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी या दशकातील संधिवात संशोधनाचा सर्वांत मोलाचा धडा इथेच आहे. स्टेरॉईडची पहिली गोळी लिहितानाच ती कधी बंद होणार हे ठरलेले असावे आणि त्याच दिवशी मूळ आजारावरच्या औषधाचीही सोय झालेली असावी.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चेहऱ्याची सूज, ठिसूळ हाडे, जंतुसंसर्ग आणि औषध थांबवताच उसळणारा आजार हेही पुढच्या थोड्याच वर्षांत सर्वांना दिसले. म्हणजे दुष्परिणाम तेव्हापासूनच माहीत होते. डोस कमी केला तर आजार हाताबाहेर जाणार नाही, याचा मोजून दिलेला पुरावा मात्र नव्हता. त्या भीतीपोटी दशकानुदशके मोठे डोस चालू राहिले. तो पुरावा आता हाती आला आहे.

सुरुवात सर्वांत गंभीर आजारापासून करू. अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये मूत्रपिंड आणि फुफ्फुस दोन्ही पणाला लागलेले असतात, त्यामुळे इथे डोस कमी करण्याचे धाडस कोणी करत नव्हते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेक्सिव्हास चाचणीत ७०४ रुग्ण होते. एका गटात पहिल्या आठवड्यानंतर प्रेडनिसोलोन झपाट्याने उतरवले गेले. सहा महिन्यांत या गटाला मिळालेले एकूण स्टेरॉईड नेहमीच्या डोसच्या ६० टक्क्यांहूनही कमी भरले. मृत्यू किंवा मूत्रपिंड कायमचे निकामी होणे या निकषावर कमी डोसचा गट मागे पडला नाही आणि पहिल्या वर्षात गंभीर जंतुसंसर्ग कमी झाले. जपानमधील लोव्हास चाचणी २०२१ ची. तिच्यात मूत्रपिंडाचा तीव्र आजार किंवा फुफ्फुसातील रक्तस्राव नसलेल्या १४० नव्या रुग्णांना रिटुक्सिमॅबसोबत किलोमागे १ मि.ग्रॅ. किंवा त्याच्या निम्मे प्रेडनिसोलोन दिले गेले. सहा महिन्यांनी आजार शमलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ७० टक्क्यांच्या आसपास होते. गंभीर संसर्ग मात्र पूर्ण डोसच्या गटात २० टक्के रुग्णांना झाला, तर निम्म्या डोसच्या गटात ७.२ टक्क्यांना. इतक्या गंभीर आजारात निम्मे पुरत असेल, तर नुसत्या सांधेदुखीसाठी महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्यांचे समर्थन कसे करायचे?

आमवाताचे चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ग्लोरिया चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ६५ वर्षे वा त्याहून जास्त वयाच्या ४५१ रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला दोन वर्षे रोज ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. प्रेडनिसोलोनच्या गटात आजार अधिक आटोक्यात राहिला आणि सांध्यांची झीजही कमी झाली. दुसऱ्या बाजूला, नोंद घेण्याजोगा किमान एक दुष्परिणाम या गटात ६० टक्के रुग्णांना झाला, निष्क्रिय गोळीच्या गटात ४९ टक्क्यांना. त्यांत संसर्गच जास्त होते, बहुतेक सौम्य. चाचणी करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की लाभाचे पारडे जड आहे. आमचे मत वेगळे आहे. नियमित तपासण्या होणाऱ्या युरोपीय रुग्णाचा हिशेब जिथे रुग्ण वर्षभर पुन्हा दिसत नाही तिथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

मग स्टेरॉईड थांबवता येते का? सेमिरा चाचणीने (२०२०) याचे उत्तर शोधले. टोसिलिझुमॅबवर आजार आटोक्यात असलेल्या २५९ रुग्णांपैकी एका गटाने ५ मि.ग्रॅ. चालू ठेवले. दुसऱ्या गटाने दर चार आठवड्यांनी १ मि.ग्रॅ. कमी करत ते पूर्ण थांबवले. चालू ठेवणाऱ्यांपैकी ७७ टक्के स्थिर राहिले, थांबवणाऱ्यांपैकी ६५ टक्के. चालू ठेवण्याचा थोडा फायदा आहे, हे खरे. पण हळूहळू थांबवणाऱ्या दर तीन रुग्णांपैकी जवळजवळ दोघांना स्टेरॉईडची गरजच उरली नव्हती, हेही तितकेच खरे. प्रयत्नच केला नाही, तर ते दोघे कोण हे कधी कळणार नाही.

मार्गदर्शक तत्त्वेही याच दिशेने वळली आहेत. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये आमवातात तीन महिने किंवा अधिक काळ स्टेरॉईड देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू करताना अल्पकाळ स्टेरॉईडची मुभा आहे, पण ते शक्य तितक्या लवकर उतरवून बंद करायचे आहे. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा काळ निभावून नेणे हेच स्टेरॉईडचे काम.

ल्युपसमध्ये हा बदल आणखी ठळक आहे. युरोपीय संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींनुसार प्रत्येक रुग्णाला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यावे, देखभालीचा प्रेडनिसोलोनचा डोस ५ मि.ग्रॅ.च्या वर नसावा आणि शक्य असेल तेव्हा ते थांबवावे. ल्युपसच्या मूत्रपिंडदाहात ऑरोरा चाचणीने (२०२१) तर सोळाव्या आठवड्यापर्यंत रोजचा डोस अडीच मि.ग्रॅ.वर आणला होता. सावधगिरीचा धडाही याच आजाराने दिला. २०२० मध्ये फ्रान्समधील चाचणीत दीर्घकाळ शांत असलेल्या रुग्णांचे ५ मि.ग्रॅ. अचानक थांबवले गेले. वर्षभरात त्यांतील २७ टक्क्यांचा आजार उसळला. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. म्हणून ल्युपसमध्ये ५ मि.ग्रॅ.पर्यंत निर्धाराने उतरावे आणि शेवटची पायरी तज्ज्ञाशी बोलून, सावकाश उतरावी.

हा विषय इथे नेटाने मांडण्याचे कारण आपल्या दारातच आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या कॉपकॉर्ड पाहणीत हाडे, स्नायू आणि सांधे यांचे दुखणे ही गावकऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार असल्याचे दिसले. आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. हे रुग्ण आधी तज्ज्ञाकडे जात नाहीत, ते आपल्याकडे येतात. इंजेक्शन किंवा गोळ्यांनी दोन दिवसांत बरे वाटते, गोळ्या संपल्या की दुखणे परततेच. मग रुग्ण तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या घेत राहतो. त्यात स्टेरॉईड मिसळलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांची भर पडते.

या सवयीची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ रुग्णांच्या नोंदींवरील २०२० च्या अभ्यासात, आमवाताची इतर औषधे व्यवस्थित चालू असताना वर्षभरात संसर्गामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण स्टेरॉईड न घेणाऱ्यांत ८.६ टक्के होते, रोज ५ मि.ग्रॅ.पर्यंत घेणाऱ्यांत ११ टक्के आणि १० मि.ग्रॅ.च्या वर घेणाऱ्यांत १७.७ टक्के. ब्रिटनमधील २००६ च्या अभ्यासात स्टेरॉईड घेणाऱ्यांत क्षयरोगाचा धोका सुमारे पाचपट आढळला. ब्रिटनमध्ये क्षय तुरळक आहे. आपल्याकडे तो शेजारच्या घरात असतो.

म्हणून वाचकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, हातांचे लहान सांधे सुजलेले असतील आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर स्टेरॉईडने चित्र झाकण्याआधी रक्ततपासण्या करून घ्या आणि तज्ज्ञाचे मत मागवा. स्टेरॉईड द्यावेच लागले तर एकाच नावाचे द्या आणि डोस प्रेडनिसोलोनच्या मापात मोजा. ६ मि.ग्रॅ. डेफ्लाझाकोर्ट किंवा ४ मि.ग्रॅ. मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन. अर्ध्या मिलीग्रॅमची बीटामेथासोनची गोळी दिसायला इवलीशी असते, पण ती दिवसातून तीनदा घेतली की १० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनचा टप्पा गाठला जातो. चिठ्ठीवर कमी करण्याच्या तारखा लिहा. रक्तदाब, साखर आणि वजन यांची पहिली नोंद त्याच दिवशी करा. तीन महिन्यांहून जास्त काळ लागणार असेल तर हाडांचे संरक्षण सुरुवातीपासून हवे, कारण हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक होते.

जुन्या रुग्णाचे स्टेरॉईड एकदम तोडू नका. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ घेतलेल्या स्टेरॉईडने अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. प्रेडनिसोलोन ५ मि.ग्रॅ.च्या आसपास आल्यावर, आदल्या गोळीनंतर किमान २४ तासांनी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसोल तपासा. ते डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर थांबवणे सुरक्षित आहे. ५ च्या खाली असेल तर तो छोटा डोस चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासा. मधल्या आकड्याला काही आठवडे धीर धरून फेरतपासणी करा. तोवर ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया यांत डोस वाढवावा लागतो, हे रुग्णाला आणि घरच्यांना समजावून सांगा.

रुग्णाला आजच आराम हवा असतो आणि तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असतो, ही अडचण खरी आहे. ती आम्ही हलकी मानत नाही. पण आमवाताचा पाया असलेले मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळते. तज्ज्ञाने ते सुरू केल्यावर रक्ततपासण्यांवर लक्ष ठेवणे, गोळी रोज नसून आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे हे पुन्हा पुन्हा बजावणे, फॉलिक ॲसिड चुकू न देणे आणि लग्न झालेल्या मुलीला गर्भधारणेआधी ते थांबवण्याबद्दल सांगणे ही कामे गावातला डॉक्टरच उत्तम करू शकतो. तज्ज्ञ तीन महिन्यांतून एकदा भेटतो. आपण आठवड्याला भेटू शकतो.

वाचकांना एक विनंती. या महिन्यात आपल्या नोंदवहीतून तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉईडवर असलेले रुग्ण काढा. प्रत्येकाच्या नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा: निदान काय आहे, मूळ आजाराचे औषध चालू आहे का आणि स्टेरॉईड कमी करण्याची पुढची तारीख कोणती. ज्याच्यापुढे एकही उत्तर कोरे राहील, त्याला पुढच्या आठवड्यात बोलावून घ्या.