मे महिन्यातलं लॉन

नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकला की बंगल्यांच्या आवारात भर दुपारी पाइप सुरू होतात. लॉन पिवळं पडताना बघवत नाही, म्हणून नळ सोडला जातो. त्या उन्हात शिंपडलेलं बरंचसं पाणी वरच्या बोटभर मातीतूनच उडून जातं. रोज असं थोडं थोडं पाणी मिळालं की गवताची मुळंही वरवरच राहतात. मग एखाद्या दिवशी नळ आला नाही की अख्खा पट्टा करपतो.

पिवळं लॉन म्हणजे मेलेलं लॉन, ही समजूतच आधी सोडायला हवी. आपल्याकडच्या कितीतरी लॉनमध्ये हरळी असते. शेतकरी पिढ्यान् पिढ्या नांगरून, वेचून, जाळूनही जिला संपवू शकला नाही, तीच ही हरळी. पिवळ्या पडलेल्या लॉनचा एक कोपरा खुरप्याने उकरून बघावा. वरची पाती वाळून कुरकुरीत झालेली असतात, पण चार बोटं खाली गाठीगाठींच्या पांढरट काशा टणक असतात आणि नखाने सोलल्या तर आत ओल लागते. पाणी तुटलं की हरळी वरचा पसारा वाळू देते आणि जीव खाली राखते. तिला तसं करू द्यावं. आठवड्यातून एकदा, पहाटे, पण मुरेपर्यंत पाणी दिलं तरी ती तग धरते. कापणीयंत्राचं पातं वर चढवावं आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गवत छाटू नये. उंच पात्यांची सावली मातीवर पडते. युरिया तर या दिवसांत अजिबात नको. तो कोवळी फूट आणतो आणि ऊन तीच आधी खातं.

लॉन हिरवंगारच हवं, असा आग्रह असेल तर हिशेब मांडून बघावा. आठवड्याला एक इंच पाणी, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 25 लिटर. 100 चौरस मीटरच्या बेताच्या लॉनला अडीच हजार लिटर, आणि विदर्भातल्या मे महिन्यात एवढ्यानेही भागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे अशा दोनशे लॉनचं एका आठवड्याचं पाणी. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले, ते मैदानांना लागणाऱ्या पाण्याच्या प्रश्नावरूनच. घरच्या अंगणाला कोणी कोर्टात खेचत नाही, पण प्रश्न तोच आहे.

वाचलेलं पाणी झाडांच्या आळ्यांत जावं. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. आधी खुरप्याने वरची माती हलवून भेगा बुजवाव्यात, मग पाणी द्यावं आणि वर चार बोटं पालापाचोळा पसरावा. तो खोडाला मात्र चिकटू देऊ नये. सुक्या पाल्यात वाळवी फार लवकर येते.

कुंड्यांच्या बाबतीत नागपूरकरांची एक सवय मोडायला हवी. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी फुकट जाऊ नये म्हणून कुंड्यांत ओतलं जातं. हेतू चांगला, पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर काही दिवसांत टाकीतलं पाणी चांगलंच खारट होतं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं आणि पानांच्या कडा जळलेल्या दिसल्या की कारण ऊन नसून हे पाणी असू शकतं. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. ते खुशाल घालावं.

पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसली तर पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकावं. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच आटोक्यात येतो.

या सगळ्या तगमगीत मोगरा मात्र भरभरून फुलतो आणि बोगनवेल पाणी कमी पडलं तर उलट जास्त रंगते. मे महिन्यात जमिनीतून अचानक लाल चेंडू वर काढणारी लिली तर जवळजवळ काहीच मागत नाही. नर्सरीतून जानेवारीत पेटुनिया आणून ते मेपर्यंत रेटत बसण्यापेक्षा या मंडळींना जागा द्यावी.

आणि यंदा ज्या कोपऱ्यात हरळीही टिकली नाही, तिथे पुन्हा लॉनचे तुकडे आणून बसवू नयेत. तिथे बकुळ लावावी, नाहीतर कडुनिंब. रोप मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर लावायचं, पण खड्डा आत्ताच खणायचा, दोन-दोन फुटांचा. नवतपाचं ऊन त्यात नीट तापू द्यायचं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो शेणखत, निंबोळी पेंड आणि वरच्या थरातल्या मातीने भरून ठेवायचा.