स्वर लिहिला, काळ कोठें?

आमच्या एका वाचक भगिनीनें विचारिलें आहे कीं, संगणकावर अक्षरें टंकून स्वरलेखन करितांना सा, रे, ग, म हीं अक्षरें तर उमटतात. पण कोणता स्वर किती वेळ धरावयाचा, हें कसें दाखवावें? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. तेच चार स्वर निरनिराळ्या काळानें म्हटले म्हणजे चाली निराळ्या होतात, हें घरांत पेटी शिकणारें लहान मूलहि जाणतें.

व्याकरण शिकलेल्या मंडळींस यांत नवल वाटूं नये. ह्रस्व, दीर्घ व प्लुत हे भेद पाणिनीनें काळावरूनच केले: एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा. प्लुत दाखविण्यासाठीं स्वरापुढें ३ चा आंकडा घालतात. ‘ओ३म्’ असें छापलेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्यांतील आंकडा म्हणजे काळच होय.

संगीतांत हें काम दोघां विष्णूंनीं केलें. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं स्वरागणिक त्याच्या काळाचें निराळें चिन्ह खालीं देण्याची पद्धति बसविली. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं उलट मार्ग धरिला. त्यांनीं मात्रा हें घर ठरविलें. एका मात्रेंत एकच स्वर असेल तर कांहीं खूण नको. अनेक असतील तर त्यांच्या खालीं अर्धचंद्र काढावयाचा, कीं घराची वांटणी समान झाली. स्वर लांबला तर पुढें आडवी रेघ, आणि गीताचें अक्षर लांबलें तर ‘ऽ’. (व्याकरणांत अवग्रह लोप पावलेल्या अकाराचें चिन्ह, संगीतकारांनीं त्यालाच लांबविण्याच्या कामास लाविलें. शास्त्रीबोवांस हें रुचणार नाहीं, पण सोय मोठी झाली.) शिकणाऱ्यास सोपी म्हणून भातखंड्यांचीच पद्धति अधिक रुळली.

आतां संगणकाकडे वळूं. लिलीपाँड नांवाचें एक विनामूल्य सॉफ्टवेअर दोघां डच गृहस्थांनीं १९९६ सालीं आरंभिलें. त्यांत स्वराच्या अक्षरामागून आंकडा लिहावा लागतो, आणि तो आंकडा छेदाचा असतो: १ म्हणजे पूर्ण स्वर, २ म्हणजे त्याचा अर्धा, ४ म्हणजे चतुर्थांश, ८ म्हणजे अष्टमांश. आंकडा मोठा तों काळ लहान. नवशिके येथेंच घोटाळतात. आंकड्यापुढें टिंब दिलें कीं काळ दीडपट. आपण चतुर्थांश ही एक मात्रा मानूं, आणि त्यांच्या रोमन अक्षरांच्या जागीं सोयीसाठीं आपले स्वर घालूं. भातखंडे पद्धतीचें ‘सा – रे ग’ तेथें ‘सा२ रे४ ग४’ असें होईल. एकाच अर्धचंद्रांत ‘सा – – रे’ असेल, तर सा पाऊण मात्रा व रे पाव, तें ‘सा८. रे१६’ असें लिहावें.

आणखी एक मौज आहे. एकदां काळ लिहिला आणि पुढच्या स्वरांस कांहींच लिहिलें नाहीं, तर मागचाच काळ चालू राहतो. म्हणजे ‘सा२ रे४ ग’ एवढें पुरे. ही तर आपली अनुवृत्ति! सूत्रकारांप्रमाणें या लोकांसहि अक्षरांची काटकसर सुचली. एबीसी नांवाच्या दुसऱ्या पद्धतींत आरंभींच एकक सांगून ठेवितात आणि पुढें केवळ पटी लिहितात: दुप्पट असेल तर २, निम्में असेल तर तिरकी रेघ. तेथें अनुवृत्ति नाहीं, अधिकारसूत्र आहे. आमच्या मतें आपल्या संगीतास ही दुसरी रीत जवळची, कारण एक मात्रा हेंच एकक धरितां येतें. मात्र लिलीपाँडमध्यें उभी रेघ घालून आवर्तन तपासून घेतां येतें. त्रिताळाच्या सोळा मात्रा भरल्या नाहींत तर तें तक्रार करितें. वृत्ताच्या मात्रा बोटांवर मोजणाऱ्या आमच्या पिढीस हा गुण मोलाचा वाटेल.

मोबाइलवरून बंदिशी पाठविणाऱ्यांनीं मात्र सावध असावें. तेथें अर्धचंद्र काढतां येत नाहीं, आणि ओळीनें सोडलेल्या मोकळ्या जागा पुष्कळदां आकसून एकच होते. जागा म्हणजे काळ नव्हे. प्रत्येक मात्रेस निदान एक खूण असावी, व एका मात्रेंतले स्वर कंसांत घालावे.

याचें मोल आमच्या घरांत अलीकडेच कळलें. जुन्या शहरांतल्या आमच्या वाड्यांत कैलासवासी आत्याबाईंची वही निघाली. वऱ्हाडांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणत, त्यांतलीं अकरा गाणीं तींत आहेत. अक्षर मोत्यासारखें. प्रत्येक शब्दावर सा, रे, ग नीट लिहिलेले. पण रेघ नाहीं, अर्धचंद्र नाहीं, तालाचें चिन्ह नाहीं. आत्याबाईंना चाल पाठ होती, त्यांना काळ लिहिण्याचें कारणच पडलें नसावें. पुतण्या सांप्रत ती वही संगणकावर उतरवीत आहे. त्यानें थोरल्या वहिनींस शेजारीं बसवून, पायानें ठेका धरावयास लावून, एकेक स्वराचा काळ विचारून घेतला. वहिनींस त्यांतलीं चारच गाणीं येतात. त्या चारांपुढें आंकडे पडले. उरलेल्या सातांचे स्वर त्यानें उतरविले, आणि काळाची जागा कोरी ठेविली आहे. आत्याबाईंच्या बरोबरीची एक मैत्रीण मूर्तिजापुरास असते. दसऱ्यास तिकडे जाण्याचें ठरलें आहे.